वेणूमावशी घर पाहायला निघते

चिपळूणहून नागपूरला जायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. त्या ओलांडण्याचं मी काही सांगत बसत नाही. माझी कंबर ते अजून विसरलेली नाही, एवढं पुरे. सांगायचंय ते नागपुरातल्या चार दिवसांचं. मी तिथे माझ्या वेणूमावशीसाठी घर पाहायला गेले होते. घर म्हणजे ज्यांना स्मृतिभ्रंश झालाय अशा म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेऊन सांभाळतात, तसलं घर. मंडळी त्याला केअर होम म्हणतात.

घर पाहायला जाणं हे खरं तर मावशीचं काम. वेणूमावशी माझ्या आईची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी. नात्यागोत्यातल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरायच्या आधी मुलाचं घर पाहायला मावशीला पाठवत. बारा गावचं पाणी प्यालेली बाई. जायची, बसायची, पाणी मागायची आणि ते कोण आणतं, कुठल्या चेहऱ्यानं आणतं ते पाहायची. मग पाय धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी जायची. तिथे त्या घरची सून हमखास भांडी घासताना सापडे. तिला मावशी एकच विचारायची, ‘‘तू केव्हा जेवली वं?’’

सगळी परीक्षा तेवढीच. सून सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवते, त्या घरात आपली मुलगी द्यायची नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी ती माझ्यासाठी चिपळूणला आली होती. नागपूरची मुलगी कोकणात द्यायची हे आमच्याकडे कुणाच्याच पचनी पडत नव्हतं. मागच्या पडवीत माझी थोरली जाऊ, तेव्हा अर्थातच जाऊ नव्हती, नारळ खवत बसली होती. मावशीचा प्रश्न ऐकून ती गोंधळली आणि म्हणाली, ‘‘सगळ्यांबरोबरच जेवले की. का हो?’’ मावशी नागपूरला परतली आणि आईला म्हणाली, ‘‘देऊन टाक.’’ मग मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘पण तुले जाचं आहे काय तिथं?’’ मला असं विचारणारी ती एकटीच. मी हो म्हटलं, आणि मला त्याचा कधी पस्तावा झाला नाही.

मनीषनगर

मावशीचा मुलगा अरुणदादा मनीषनगरात राहतो. शाळेत गणित शिकवायचा, आता निवृत्त झालाय. महिनाभरापूर्वी त्याचा फोन आला. ‘‘ज्योती, तू ये वं. मले एकट्यानं नाही ठरवता येत.’’

खरं सांगायचं तर मी जाताना भाषण तयार करून नेलं होतं. आईला बाहेर ठेवतात का, दोन माणसं घरात असताना एक म्हातारी जड होते का, वगैरे. चिपळुणात बसून नागपूरच्या माणसांना शहाणपण शिकवायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकण्यात मी पटाईत आहे.

सकाळी उतरले तेव्हा हवेत चांगलाच गारठा होता. नागपूरचा डिसेंबर आमच्याकडे कुणाला सांगून खरा वाटत नाही; सगळ्यांना तिथला मे महिनाच ठाऊक. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर दादानं थांबवून खाऊ घातलेले तर्री-पोहे. आमच्या पोह्यांवर ओलं खोबरं पडतं, इथे चण्याचा लालभडक रस्सा. दोन घासांत नाकाडोळ्यांतून पाणी आलं. बत्तीस वर्षांत माझी जीभ पार कोकणी झालीय.

मावशीनं दार उघडलं. ‘‘या, बसा. कोणत्या गावच्या?’’

‘‘मी ज्योती, मावशी. चिपळूणची.’’

‘‘चिपळूण... पाहिलं आहे मी ते. घर चांगलं आहे.’’

मला ती ओळखत नव्हती, पण माझं सासर तिच्या लक्षात होतं. मी तिच्या शेजारी बसले. पुढ्यात तुरीच्या हिरव्या शेंगांची टोपली होती आणि मावशीचे हात भराभर सोले काढत होते. बोटांना सगळं आठवत होतं. माझं भाषण मी मनातल्या मनात आणखी थोडं कडक केलं.

मग दिवसभर दादाच्या बायकोला, प्रतिभावहिनींना पाहिलं. मावशीनं गॅस तसाच चालू ठेवला होता, तो बंद करताना वहिनींचा हात भाजलेला; त्यावर पट्टी. मावशी पहाटे कडी काढून निघते म्हणून त्या दाराला आडवी गादी घालून झोपतात. एकदा मावशी शेअर ऑटोत बसून थेट कामठीच्या वाटेला लागली होती, कुणाची तरी पत्रिका आणायला. ऑटोवाला भला, त्यानं परत आणून सोडलं. तिला नेमकं घरचे जेवायला बसले की बाहेर जायचं असतं, मग वहिनी ताटावरून उठतात. साडेतीन वाजता मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर वहिनी ओट्याशी उभ्या राहून गार वरणभात गिळत होत्या. एक कान बाहेरच्या खोलीकडे.

मला एकदम मावशीचाच प्रश्न आठवला. तिच्या नियमानं पाहिलं असतं तर तिनं या घरात मुलगी दिली नसती. आणि हे घर असं झालं होतं ते तिच्यामुळे. मला स्वतःची लाज वाटली. भाषण तिथेच ओट्याशी संपलं, आणि मी वहिनींना म्हटलं, ‘‘बसून जेवा. मी बघते तिच्याकडे.’’ त्या बसल्या आणि रडायलाच लागल्या.

नंदनवन

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी एक चूक केली. दादाला सहज विचारलं, ‘‘घर पाहायला किती वाजता निघायचं?’’

मावशीचे कान अजून तिखट आहेत. अर्ध्या तासानं ती खोलीतून बाहेर आली ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून, हातात पर्स घेऊन. ‘‘कोणाची पोरगी आहे?’’

तिला न नेताच जायचं ठरलं होतं.

‘‘आपलीच आहे, मावशी,’’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘‘मंग मले न सांगता काहून चालले?’’ असं म्हणून ती गाडीत पुढे जाऊन बसली. ती काही उतरेना. निघालो.

पहिलं घर नंदनवनच्या बाजूला होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण ते वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. चकचकीत फरशी, प्रत्येक खोलीत घंटी, कॅमेरे, चोवीस तास नर्स. मी वहीत पंधरा प्रश्न लिहून नेले होते, त्यांतल्या तेरा प्रश्नांना उत्तर ‘हो’ आलं. व्यवस्थापक चाळिशीचे, टापटीप, हातात फाईल. ते दादाशी बोलले, माझ्याशी बोलले. ‘‘पेशंटला शुगर आहे का?’’ त्यांनी मला विचारलं. पेशंट त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून त्यांना आपादमस्तक न्याहाळत होती.

‘‘नवरदेव हाच काय?’’ मावशी मला म्हणाली. कुजबुजणं तिला आता जमत नाही. ‘‘वय जास्त दिसते.’’

दादा लालबुंद झाला. व्यवस्थापक हसून म्हणाले, ‘‘आजी थोड्या कन्फ्यूज आहेत,’’ आणि त्यांनी घंटी वाजवली. गणवेशातली एक मुलगी कागदी पेल्यांत पाणी घेऊन आली. मावशीनं पाणी घेतलं आणि तिचा हात धरला.

‘‘तू केव्हा जेवली वं?’’

मुलीनं आधी व्यवस्थापकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘जेवली जी.’’

अकरासुद्धा वाजले नव्हते. मावशीनं पेला खाली ठेवला आणि उभी राहिली. ‘‘चला.’’

आतल्या दिवाणखान्यात दहाबारा म्हातारी माणसं एकसारख्या गाऊनमध्ये टीव्हीसमोर बसली होती. कुणी त्रासात नव्हतं. कुणी काही बोलतही नव्हतं.

गाडीत दादानं विचारलं, ‘‘काय झालं आई?’’

‘‘नाही द्याची पोरगी इथं.’’

‘‘काहून?’’

‘‘सून भेते त्याईची. ज्या घरची सून भेते, त्या घरात खरं कोणी सांगत नाही.’’

‘‘सून नाही वं माय ते. अटेंडंट आहे.’’

‘‘तेच ते,’’ मावशी म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

दादाच्या मते तेरा ‘हो’ पुष्कळ होते. वहीकडे पाहिलं तर माझ्याही. पण शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती मी नुकतीच पाहिली होती, आणि ते शीत काही माझ्या घशाखाली उतरेना.

दुपारी वहिनींनी वडाभात केला होता. भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची कढत फोडणी ओतायची. आमच्या भातावर तूप पडतं, इथे तेल, आणि तेही हात सैल सोडून. तिसऱ्यांदा वाढून घेताना दादा थांबला. ‘‘ज्योती,’’ तो म्हणाला, ‘‘मी तिले टाकून देऊन राहिलो काय?’’

साठीला आलेला माणूस, हातात पळी, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, ‘‘टाकायचं असतं तर पहिल्याच घरी टाकून आला असतास.’’ याहून चांगलं मला काही सुचलं नाही.

कामठी रोड

मधे एक दिवस गेला. मावशी तो दिवसभर विचारत होती, दुसरं स्थळ कुठं आहे. चौथ्या दिवशी हिरवी साडी तिनं आमच्या आधी नेसली.

दुसरं घर कामठीच्या वाटेवर. त्या रस्त्याला आता मजले आहेत, सगळ्यात वर मेट्रो, मधे उड्डाणपूल आणि खाली आम्ही. पुढे आत वळल्यावर एक जुना बैठा बंगला, अंगणात पेरूचं झाड, फाटकाला कडी. बंगल्याच्या मालकीण निवृत्त नर्स. जवळ यायच्या आधी त्यांचा आवाज आला, मग त्या आल्या, ओले हात पदराला पुसत. त्या माझ्याकडे किंवा दादाकडे न येता सरळ मावशीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ‘‘या मावशी. उन्हात बसता का सावलीत?’’

‘‘उन्हात,’’ मावशी म्हणाली. ‘‘नाव काय वं तुमचं?’’

‘‘मेश्राम.’’

दारावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि मी श्वास रोखून धरला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं ते लिहिते. माझी मावशी कुठल्याही अनोळखी घरी गेली की पाणी पिण्याआधी आडनाव विचारायची, आणि ते कशासाठी हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कितीतरी घरी ती तहानलेली बसून परत आलीय. मेश्रामताईंनाही ते कळलं असणार. त्यांनी काही न बोलता माठातून पेला भरून आणला आणि मावशीपुढे धरला.

मावशीनं तो एका दमात संपवला. ‘‘पाणी गोड आहे,’’ म्हणाली. ‘‘आणखी द्या.’’

या आजारानं तिच्याकडून फार काही नेलं. पण एवढं एक नेलं ते बरंच केलं.

अंगणात सतरंजी टाकून चार म्हाताऱ्या बाया तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांच्यात एक सांभाळणारी बाई, सुशीला. मावशी कुणी न सांगता त्यांच्यात जाऊन बसली आणि शेंगांचा ढीग पुढ्यात ओढला. मी वही काढली. मेश्रामताईंची उत्तरं ऐकून माझा जीव खाली-वर होत होता. कॅमेरा फक्त फाटकावर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा, बाकी वेळी फोनवर. पंधरापैकी नऊच ‘हो’.

आतून कुणीतरी जोरजोरात शिव्या देत होतं. ‘‘ते आमचे आजोबा,’’ ताई म्हणाल्या. ‘‘दिवसभर चालू राहते त्याईचं. मी खोटं नाही सांगत, सवय करा लागते. आणि माणसं पडतात बरं इथं. मागच्या महिन्यात एक आजी पडल्या, हाताले प्लास्टर आहे. मी पहिले डॉक्टरले फोन केला आन् दुसरा त्याईच्या पोरीले.’’

‘‘आणि कुणी बाहेर जायचं म्हटलं तर?’’ दादानं विचारलं. त्याच्या डोक्यात तो शेअर ऑटो होता.

‘‘कडी बंदच असते. पण जातो म्हटलं की आमच्यातलं एक जण संग निघते. पेरूले दोन चकरा मारल्या की बहुतेकांचं गाव येऊन जाते.’’

तेवढ्यात मला हवा होता तो आवाज आला.

‘‘तू केव्हा जेवली वं?’’

मी मेश्रामताईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवलीसुद्धा नव्हती. सुशीलेनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती हसत होती. ‘‘कुठी जेवली मावशी? पाहून राहिल्या न शेंगा किती आहेत त्या. हे झालं की सोलेभात टाकतो, मंग सगळे संगच बसू. तुम्ही बी बसा.’’

मावशीनं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. बत्तीस वर्षांपूर्वी चिपळूणच्या पडवीतून परत येतानाही ती अशीच मान हलवत आली असेल.

सोलेभात झाला, आणि खरोखरच सगळे एका ओळीत बसले. म्हातारे, सुशीला, स्वयंपाक करणारी बाई, मेश्रामताई आणि आम्ही. शिव्या देणारे आजोबाही आले आणि भाताला शिव्या देत देत दोनदा भात घेतला. मावशी शांतपणे जेवली. एकदाही उठली नाही. दादा जेवायचा थांबून तिच्याकडे बघत राहिला.

हात धुतल्यावर मावशीनं निकाल दिला. ‘‘द्या पोरगी.’’ मग थांबून म्हणाली, ‘‘पण पोरीले विचारलं काय वं कोणी?’’

महिनाभर फोन चालले होते, मी महाराष्ट्र ओलांडून आले होते, पंधरा प्रश्नांची वही केली होती; आणि हा एक प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता. माझ्या वेळी तो विचारणारी बाई समोर बसली होती, तरीही.

मी तिच्या पुढ्यात सतरंजीवर बसले. तिचे हात हातात घेतले. शेंगांनी बोटं हिरवी झाली होती. ‘‘मावशी, तुला राहायचंय का इथं?’’

‘‘मले?’’

‘‘हो. तुला.’’

तिनं पेरूकडे पाहिलं, सुशीलेकडे पाहिलं. बराच वेळ घेतला. मला वाटलं, प्रश्न विसरली.

‘‘मी चार दिवस राहून पाहतो,’’ ती म्हणाली. ‘‘वरवर पाहून पोरगी देऊ नये. तुम्ही जा.’’

(आमच्याकडे बायाही ‘राहतो, पाहतो’च म्हणतात. चिपळूणला गेल्यावर सासूबाईंनी हसून हसून माझी ती सवय मोडली.)

फाटकाशी मी मेश्रामताईंना म्हटलं, ‘‘आम्ही तिला फसवतोय असं वाटतं.’’

‘‘तुम्ही विचारलं, त्या हो म्हणाल्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्या नाही म्हणतील, तं मी तुम्हाले सांगतो. आन् त्याईले इथं काम आहे. बिनकामाचं माणूस लवकर खचते, ताई.’’

मागे वळून पाहिलं. मावशी आमच्याकडे बघतही नव्हती. मला थोडं लागलं, आणि त्याहून पुष्कळ जास्त हायसं वाटलं.

घरी पोचलो तेव्हा प्रतिभावहिनी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. दादानं त्यांच्या अंगावर चादर घातली, मावशीची कपड्यांची बॅग स्वतःच भरली आणि कामठी रोडला पोचवून आला. तोवर वहिनी उठल्या नव्हत्या. चहा मी केला आणि आम्ही तो स्वयंपाकघरात चोरासारखा, आवाज न करता प्यायलो.

चिपळूण

याला आता दोन महिने होतील. येताना आणलेली संत्री आणि संत्रा बर्फी आमच्याकडे दोन दिवसांत संपली. जावेनं सालींचं लोणचं होतं का म्हणून विचारलं. दादा एक दिवसाआड मावशीकडे जातो, वहिनी रविवारी जातात, आणि त्यांच्या हातावरची पट्टी निघाली आहे. सुरुवातीला दोन संध्याकाळी मावशीनं घरी जायचं म्हणून रडून घेतलं. मेश्रामताईंनी ते स्वतः फोन करून कळवलं. आम्हाला वाईट वाटलं, पण ते लपवलं नाही याचा आधारही वाटला. मग पेरूच्या चकरा वाढल्या आणि रडणं कमी झालं.

परवा सुशीलेनं मावशीच्या हातात फोन दिला.

‘‘घर कसं आहे, मावशी?’’

‘‘चांगलं आहे. माणसं चांगली आहेत. पण एवढ्यात हो म्हणू नका. आणखी चार दिवस पाहतो.’’

‘‘पाहा, पाहा. घाई नाही.’’

मागे आजोबांच्या शिव्या ऐकू येत होत्या. मग तिनं विचारलं, ‘‘तू कोण वं?’’

‘‘ज्योती.’’

‘‘हं,’’ ती म्हणाली. नाव लागलं नाही, हे मला कळलं. तरी तिनं फोन ठेवला नाही. ‘‘तू केव्हा जेवली?’’

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत थोरल्या जाऊबाई ताटं उचलत होत्या, सहाही एकदम.

‘‘सगळ्यांबरोबर जेवले, मावशी,’’ मी म्हटलं.

‘‘मंग बरं आहे,’’ ती म्हणाली.